परकारभाईंची एकच अट

आमच्याकडे तहसील कार्यालयाच्या व्हरांड्यात एक पाटी असते, 'नागरिकांची सनद'. कोणता दाखला किती दिवसांत मिळेल, तो कोण देईल, न दिल्यास तक्रार कोणाकडे करायची, हे सगळं तिच्यावर रकाने पाडून लिहिलेलं असतं. दाखल्यासाठी ताटकळलेले लोक त्या पाटीला पाठ टेकून उभे राहतात. ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढलेला तालुक्यातला एकमेव माणूस बहुधा मीच असेन. मला ती आवडलीही. असलं काहीतरी आपल्या घरात हवं, असं मला तिथे उभ्याउभ्याच वाटलं आणि मी ते बायकोला बोलून दाखवलं.

ती म्हणाली, "घरात म्हणजे तुमच्या मस्कतच्या घरात. इथे पाटी लावलीत तर मी माहेरी जाईन."

मस्कतचं घर म्हणजे अल अमेरातमधली आमची व्हिला. व्हिला म्हटल्यावर डोळ्यांसमोर कारंजं आणू नये. डोंगराच्या पायथ्याशी चार खोल्या, एक स्वयंपाकघर, अंगणात एक बोरीचं झाड आणि कुटुंबं गावी ठेवून आलेले दहा पुरुष. सगळे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एकाच खाडीच्या दोन काठांवरचे. अलीकडचे आम्ही साळवी, पवार, गुरव वगैरे, पलीकडचे परकार, मुल्ला वगैरे. गावी या काठावरून त्या काठावर जायचं तर तरीच्या होडीत बसावं लागतं. इथे मध्ये फक्त पॅसेज, आणि त्यात सगळ्यांच्या चपला.

या दहाजणांत सगळ्यांत जुने दाऊद परकार. उंच, हडकुळे, मेंदीनं लाल केलेले केस, घरात असले की चौकड्यांची लुंगी आणि गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. तो चष्मा डोळ्यांवर चढलेला मी फारसा पाहिला नाही. व्हिला त्यांच्या नावावर नव्हती, भाडं सगळे मिळून भरायचे, पण घरमालक अर्बाब काही सांगायचं असलं की त्यांनाच हाक मारायचा. मग दोघं बोरीखाली बसून खजूर खात अर्ध्या अरबीत आणि अर्ध्या हिंदीत काय ते ठरवायचे. ठरलेलं कुठेही लिहिलेलं नसायचं. माझ्यासारख्या माणसाला हे बघवत नसे.

भाई एका बांधकाम कंपनीत ट्रान्सपोर्ट सुपरवायझर होते. पहाटे कामगारांच्या कॅम्पच्या फाटकाशी उभं राहायचं, माणसं बसमध्ये चढवायची, मोजायची आणि बस साईटवर न्यायची. संध्याकाळी तेच उलट. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे मोजणं त्यांच्या बोटात गेलं होतं. चार माणसं एकत्र दिसली की त्यांची तर्जनी हलायला लागायची, ओठ हलायचे, आणि सगळ्यांत शेवटी ते बोट स्वतःच्या छातीवर टेकायचं. मग ते विचारायचे, "कोण राहिला?"

बौशरच्या मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानासमोर उभे असताना त्यांचं बोट काचेतल्या पुतळ्यांवर फिरताना मी स्वतः पाहिलं आहे.

शुक्रवारी दुपारची नमाज झाली की घरात असू ते सगळे एकत्र जेवायला बसायचो. तेव्हाही आधी मोजणी. एखादा न्हाणीघरात असला तर भात निवला तरी चालेल, पण कोणी ताटाला हात लावायचा नाही.

"भाई, येईल हो तो," गुरव ओरडायचा. गुरव ड्रायव्हर, आणि भूक लागली की त्याचा हॉर्न आपोआप वाजतो. "इथं काय बस सुटतेय?"

"बस सुटली तर दुसरी येते," भाई म्हणायचे. "सोडून जेवलात तर माणूस बोलत नाय काय, पण ध्यानात ठेवतो."

व्हिलेत खाटा मात्र अकरा होत्या. अकरावी खाट दत्ता पवारच्या खोलीत खिडकीखाली असायची आणि तिला 'पाहुण्याची खाट' म्हणत. ती भाईंची कल्पना. कोणाची कंपनी बंद पडली, कोणाचे नव्या नोकरीचे कागद अडकले, कोणी सलालाहून डॉक्टरला दाखवायला आला, की तो त्या खाटेवर. माणूस खाडीचा असलाच पाहिजे अशीही अट नव्हती. दारात कोणी बॅग घेऊन उभा राहिला, तर भाई त्याला 'कुठून आलास' किंवा 'किती दिवस' हे विचारत नसत. ते विचारत, "भात की चपाती?"

मलाही त्यांनी हेच विचारलं होतं. मी दोन दिवसांसाठी आलो होतो. पिशवीत माझे कागद, कागदांची यादी आणि ती यादी हरवली तर म्हणून तिची एक प्रत होती. मी त्या खाटेवर तीन महिने काढले. त्या काळात घराला उपयोग व्हावा म्हणून स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर मी चिठ्ठ्या चिकटवल्या. हळद, धणे, मीठ, साखर. भाई एकही चिठ्ठी न वाचता प्रत्येक डबा उघडून वास घ्यायचे.

"भाई, वर लिहिलंय ना."

"तू लिवलंस ते कालचं. आत आज काय हाय ते बघायला नको?"

तेव्हापासून त्यांनी मला मुन्शी म्हणायला सुरुवात केली. मला ते कौतुक वाटलं, आणि बरेच दिवस वाटत राहिलं.

सनदेचा प्रश्न ऐरणीवर आणला तो एका कढईनं. श्रावणातला सोमवार होता. दत्ता एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन, अतिशय शिस्तीचा माणूस, सोमवार कडक पाळणारा. त्यानं खिचडीसाठी साबुदाणा भिजवून ठेवला होता. मॉलमध्ये मोबाईलच्या दुकानात काम करणारा नझीर मुल्ला सकाळी मासळी बाजारातून बादलीभर तारल्या घेऊन आला आणि दिसली ती कढई घेऊन त्यानं तळायला सुरुवात केली. ती उपासाची कढई होती. दत्ता कामावरून आला, वास घेतला, आणि साबुदाण्याचं पातेलं बोरीच्या मुळाशी पालथं केलं. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

भाईंनी दोघांना समोर बसवलं. "कढई कोणाची?"

दत्ता म्हणाला उपासाची, नझीर म्हणाला सगळ्यांची. शोध घेतल्यावर कळलं की ती पाच वर्षांपूर्वी गावी परत गेलेल्या एका माणसाची होती. भाईंनी बाजारातून एक नवी कढई आणली, तिच्या कानाला तांब्याची तार गुंडाळली आणि उंच खिळ्याला टांगली. "ही दत्ताची. हिच्यात मासा गेला तर मी जेवणार नाय." खलास. प्रश्न मिटला.

सगळ्यांचा मिटला, माझा नाही. आज कढई, उद्या गिझर, परवा टीव्ही. दर वेळी तार कुठे गुंडाळणार? मला ती पाटी आठवली.

पुढच्याच शुक्रवारी जेवणं झाल्यावर मी ताट बाजूला सारून उभा राहिलो.

"मित्रहो..."

"काय झालं? कोण गेलं?" गुरवनं घाबरून विचारलं.

"कोणी गेलेलं नाही. आपल्या व्हिलेला एक लेखी सनद असावी, असं मला वाटतं."

"पगार वाढंल काय त्यानं?" नझीर म्हणाला आणि हात धुवायला गेला.

दत्ताच्या घरी गावकीचा मान आहे. कामकाज रीतीनं झालं नाही तर त्याला जेवण पचत नाही. तो म्हणाला, "सनद असावी का नसावी हेच अजून ठरलेलं नाही. ते ठरवायला आधी समिती नेमा. समिती विचार करेल, मग घर ठरवेल."

हे मला सुचायला हवं होतं, याची मला खंत वाटली. अशा रीतीनं सनद स्वीकारावी की न स्वीकारावी याचा विचार करण्यासाठी समिती स्थापन झाली. सदस्य मी, दत्ता, आणि पलीकडच्या काठाचा प्रतिनिधी म्हणून नझीर, कारण तो तेव्हा हात धूत होता.

"भाई, अध्यक्ष तुम्ही व्हा," मी म्हटलं.

"मी नको. मी बाहेर बरा. पण माझी एक अट लिव."

मी कागद पुढे ओढला.

"पास करायच्या टायमाला सगळे हजर पायजेत. एकपण कमी नको. आणि खाटेवर जो कोण असंल तोपण."

मी टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या. एवढे जुनेजाणते गृहस्थ, आणि लोकशाहीची अशी जाण! ती अट मी पहिलं कलम म्हणून लाल शाईनं लिहिली आणि सगळ्यांना मोठ्यांदा वाचून दाखवली. भाईंनी मान डोलावली आणि चहाचं आधण ठेवायला गेले.

समितीनं विचार करण्यात कसूर केली नाही. सनद असावी का नसावी हे ठरवायचं तर ती कशी असेल हे पाहायला हवं, म्हणून आम्ही ती लिहायलाच घेतली. न्हाणीघराच्या वेळा, गिझर, मासळीचे वार, रमजानात इतरांनी दुपारचं जेवण कुठे करायचं, चपलांची दिशा. ज्याला त्याला दुसऱ्याविरुद्ध एक कलम हवं होतं. व्हिडिओ कॉलवर मोठ्यानं भांडणाऱ्यांविरुद्ध गुरवनं कलम सुचवलं. ते नझीरविरुद्ध आहे हे ओळखून नझीरनं पहाटे गाडी गरम करत बसणाऱ्यांविरुद्ध कलम आणलं. मी दोन्ही घेतली. मला इतकं समाधान लग्नातही झालं नव्हतं.

नववं कलम दत्ताचं. 'पाहुण्याच्या खाटेवर कोणीही एक महिन्याहून अधिक राहू नये.'

दत्ताची बाजू खोटी नव्हती. खाट त्याच्या खोलीत होती. त्याला रात्रपाळ्या असत आणि दिवसा झोपायचं तर शेजारी सतत कोणीतरी नवा माणूस, त्याचे फोन, त्याची काळजी, त्याचं घोरणं. "माझ्या खोलीची धर्मशाळा झालीय रे," तो म्हणाला. मला ते पटलं. शिवाय 'एक महिना' हे कसं नेमकं वाटत होतं.

गुरवनं मात्र डोळे बारीक केले. "काय रे साळवी, तू स्वतः किती दिवस होतास त्या खाटेवर?"

"तेव्हा हे कलम नव्हतं," मी म्हणालो. हे उत्तर मला त्या वेळी बिनतोड वाटलं होतं.

खाटेवर तेव्हा संतोष शिगवण होता. वेल्डर. त्याची कंपनी बंद झाली होती आणि दुसऱ्या कंपनीत जायचे कागद व्हायचे होते. रोज सकाळी तो फोन लावायचा, रोज तिकडून 'इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात' असं यायचं. परत गेला असता तर गावी दोन मुली शाळेत आणि अर्धं घर बांधून पडलेलं. महिना केव्हाच उलटून गेला होता. तो आपलं घरातलं अस्तित्व कमीत कमी ठेवायचा. चपला सगळ्यांच्या मागे काढायचा, शेवटी जेवायचा, स्वतःची नसलेली भांडी घासायचा.

मसुदा सगळ्यांनी वाचावा म्हणून मी तो फ्रिजवर चिकटवला. सगळ्यांनी म्हणजे आपापली कलमं वाचली. संतोषनं सगळा वाचला. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर तो खाटेवर बसलेला आणि शेजारी भरलेली बॅग.

"कुठे?" मी विचारलं.

"जातो गावी. तुमचं घर तुमच्या नियमानं चालायला हवं, साहेब. मी आधीच जास्त राहिलो."

सनद अजून पास झालेली नाही, ती विचाराधीन आहे, असं मी त्याला समजावू लागलो. मला वाटतं मी 'विचाराधीन' हा शब्द दोनदा वापरला. तेवढ्यात भाई आले. त्यांनी बॅगेकडे पाहिलं, संतोषकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही.

"शिगवण, चल. मासळीला जायचंय. मला एकट्याला पिशवी उचलत नाय."

"भाई, मी..."

"अरे यल्ला, बाजार उठंल."

दोघं गेले आणि तासाभरानं सुरमई घेऊन आले. वाटेत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. संतोषनं बॅग खाटेखाली सरकवली आणि मासे साफ करायला बसला. भाई स्वयंपाकघरात आले, फ्रिजपाशी थांबले.

"मुन्शी, कागद चांगला हाय. पण हितं नको लावू. तेल उडतं."

मी कागद काढला. तेल उडतं हे खरंच होतं, म्हणून मी त्याची एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून ठेवली. भाईंना काय म्हणायचं असेल ही शंका मला आली नाही.

मग सुरू झाली सगळे हजर असण्याची वाट. हा प्रकार काय आहे हे आखातात राहिलेल्यालाच कळेल. दहा माणसं एका घरात राहतात याचा अर्थ ती एका वेळी घरात असतात असा होत नाही. एकजण सुट्टीवर गावी. तो आला की दुसऱ्याच्या बहिणीचं लग्न. तिसरा कंपनीच्या कामाला सोहारच्या औद्योगिक वसाहतीत. दत्ताची रात्रपाळी, नझीरच्या मॉलमध्ये सेल. मी भिंतीवर तक्ता लावला. प्रत्येकाला एक रंग. सहा महिने पुढचं पाहून मी एक शुक्रवार शोधून काढला ज्यावर कोणाचाही रंग नव्हता. त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला.

सकाळपासून डोंगरावर आभाळ दाटलेलं होतं. भाईंनी नझीरला आणि गुरवला हाक मारली. "घाट उतरून जरा कोथिंबीर घेऊन या. आज मोठं काम, कालवणाला कोथिंबीर पायजे." आमच्याकडून शहरात उतरणाऱ्या डोंगरातल्या रस्त्याला आम्ही घाटच म्हणतो. दोघं उतरले, आणि पाऊण तासात वर असा पाऊस कोसळला की वादी आली. एरवी कोरडंठाक असलेलं ते पात्र लाल पाण्यानं भरून वाहू लागलं. पोलिसांनी रस्ता बंद केला.

भाईंनी फोन लावला. "पाण्यात गाडी घालू नका. तिकडंच जेवा."

मी हार मानणारा नव्हतो. "भाई, त्यांना व्हिडिओवर घेऊ. सगळं दिसतं, ऐकू येतं. म्हणजे हजरच की."

भाईंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "फोनवर कधी जेवलास?"

"नाही."

"मग फोनवर हजर कसा?"

मी तक्ता नव्यानं रंगवायला घेतला. त्यात आणखी एक वर्ष गेलं. त्या वर्षात संतोषचे कागद झाले, त्याला कामही चांगलं मिळालं. आमच्यातला एकजण बायकोमुलांना घेऊन आला आणि बौशरला फ्लॅट करून राहायला गेला, त्याची जागा संतोषला मिळाली. पुन्हा आम्ही दहा. पाहुण्याची खाट रिकामी झाली आणि दत्ता तिच्यावर कपडे वाळत घालू लागला.

मग एका संध्याकाळी बोरीखाली बसून भाईंनी सांगितलं, "कंपनीनं आता पुरे म्हटलंय. व्हिसा संपतोय. जातो घरी."

इथे सगळेच कधीतरी जातात. कोणाला तरी विमानतळावर सोडून येणं हे आमचं नेहमीचं काम. तरीही त्या संध्याकाळी कोणी टीव्ही लावला नाही.

त्यांचं विमान शुक्रवारी संध्याकाळचं होतं. त्या शुक्रवारी नझीरनं दुकानातून सुट्टी मागून घेतली, दत्तानं पाळी बदलली, सोहारला गेलेला आदल्या दिवशीच आला. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं कालवण. सगळे गोल बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मी लाजत सांगतो की निरोपाच्या जेवणाला बसलेलो असताना माझ्या मनात पहिला विचार हाच आला : आज सगळे हजर आहेत.

मी गप्प बसलो असतो. खरंच. पण दत्तालाही तेच दिसलं होतं. तो म्हणाला, "भाई, तुमच्या अटीप्रमाणे आज सगळे आहेत. खाटपण रिकामी आहे. नवव्या कलमानं आज कोणाचंच नुकसान नाही. तुमच्या समोरच होऊन जाऊ दे."

भाईंचं बोट फिरलं. शेवटी छातीवर टेकलं. "दहा. बरोबर. वाच, मुन्शी. सावकाश वाच. जाताना ऐकून जातो."

मी उभा राहून वाचू लागलो. भाई मन लावून ऐकत होते. इतकं मन लावून त्यांनी माझं आधी कधीच ऐकलं नव्हतं. "गिझरचं परत वाच," ते म्हणाले. मी परत वाचलं. "चपलांचं कळलं नाय. तोंड कुठं करायचं?" मी चप्पल आणून दाखवली. नझीर तोंडावर हात धरून बसला होता. मला वाटलं त्याला भरून आलंय. कालवण निवत चाललं होतं. मी आठव्या कलमापाशी होतो तेव्हा फाटकाची कडी वाजली.

दारात एक पन्नाशीचा माणूस, हातात कपड्यांची बॅग, खांद्याला सुताराची हत्यारं. "परकारभाई हितंच राहतात काय?"

भाई उठलेसुद्धा नाहीत. तिथूनच विचारलं, "भात की चपाती?"

तो बाळू मेस्त्री. सोहारला एका कारखान्यात होता, तिथलं काम संपलं होतं आणि दुसरं मिळायचं होतं. तो बसल्यावर भाईंचं बोट पुन्हा फिरलं. "अकरा. मुन्शी, माझी अट काय होती?"

मी लाल शाईची ओळ वाचली. शेवटचे शब्द वाचताना माझा आवाज खाली गेला. "आणि खाटेवर जो कोण असेल तोही."

"मग? ह्यानं ऐकलंय काय? ह्याला पहिल्यापासून वाचून दाखवायला पायजे. रीत म्हणजे रीत. काय दत्ता?"

रीतीचं नाव काढल्यावर दत्ता काय बोलणार?

"पण आधी त्याला जेवू दे," भाई म्हणाले. "आणि जेवण झालं की माझी निघायची वेळ होईल."

दत्ता उठला. मला वाटलं रागावून चाललाय. तो खोलीत गेला, खाटेवरचे आपले कपडे काढले आणि दारातूनच बाळूला विचारलं, "घोरतोस काय रे?"

"बायको म्हणते तसं," बाळू म्हणाला.

"मग भिंतीकडे तोंड करून झोप."

भाईंच्या कंपनीनं शेवटचा मान म्हणून एक बस दिली होती. भाई पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, नेहमीच्या जागेवर. निघण्याआधी मोजणी झाली, छातीवर बोट टेकलं, अकरा, यल्ला. मी मागच्या बाकावर बाळूशेजारी बसलो होतो. घाटात तो सहज म्हणाला, "काल रातीच आलो मी सोहारहून. बौशरला मैतराकडं थांबलो."

"काल? मग सरळ घरी का नाही आलास?"

"भाईंनीच सांगितलं ना. म्हणाले, शुक्रवारी सगळे जेवायला बसतील तवाच ये. आधी आलास तर दार उघडणार नाय."

मी पुढे पाहिलं. भाई खिडकीबाहेर डोंगर बघत होते. ते डोंगर त्यांनी रोज पाहिलेले होते.

विमानतळावर बॅगा देऊन झाल्या. सगळ्यांच्या गळाभेटी झाल्या. संतोष त्यांना भेटला आणि पटकन बाजूला जाऊन फोनमध्ये काहीतरी शोधू लागला. माझी पाळी आली तेव्हा मी हळूच म्हणालो, "भाई, सनद नको होती तर सरळ सांगायचं होतं."

"सरळ सांगितलं असतं तर तू मुद्दा लिवून घेतला असतास."

हे अगदी खरं होतं. मग एकदम आठवलं. "आणि तेव्हाची कोथिंबीर?"

"कोथिंबीर घरात होती," भाई म्हणाले. "पाऊस मात्र मी आणला नाय. तेवढं नवव्या कलमात घालू नको."

त्यांनी माझा खांदा दाबला आणि पासपोर्टच्या रांगेकडे निघाले. गळ्यात चष्मा, हातात तपकिरी पिशवी. रांग वळते तिथे त्यांनी मागे पाहिलं. आम्ही सगळे दोरीच्या अलीकडे घोळक्यानं उभे होतो. त्यांचा हात आपोआप वर आला आणि बोट हलू लागलं. गुरव, नझीर, संतोष, दत्ता, मी. सगळ्यांत शेवटी बाळू मेस्त्री, हत्यारांची पिशवी अजून खांद्यालाच. ओठांवरून कळत होतं. दहा.

सवयीनं बोट स्वतःच्या छातीकडे वळलं. अर्ध्यावर थांबलं. त्यांनी त्या बोटाकडे पाहिलं, मग तोच हात खाली नेऊन पिशवीचा बंद सारखा केला. 'बरोबर' अशी मान हलवली आणि रांगेबरोबर पुढे सरकले.

मी यादीवाला माणूस. मीही मोजले. दहा. हिशेब बरोबर होता, व्हिला पूर्वीइतकीच भरलेली होती. तरी बसमध्ये चढताना मी पुन्हा मोजले.